इत्तोचं कण्हेरीचं कुंपण

...तर म्हातारी इत्तो दारात आडवी उभी राहिली, इथवर काल आलो होतो. दार शेजारच्या बस्सूचं. बाहेर त्याच्या तीस शेळ्या बें-बें करतायत आणि ही कंबरेवर हात ठेवून वाटच देत नाही!

कण्हेरीला आमच्या ॲटलासच्या डोंगरात दिफ्ला म्हणतात. बायका पाठीमागे इत्तोलाही दिफ्लाच म्हणत, इतकी तिची जीभ कडू. तिच्या पावट्याच्या तुकड्याला कुंपणही कण्हेरीचंच. हिरव्या कडू पानाला शेळी तोंड लावत नाही, म्हणून तर म्हातारीच्या हाती चार शेंगा लागायच्या.

बस्सूला पोराच्या लग्नासाठी खोली बांधायची होती. आम्ही तुळयांवर कण्हेरीच्या सरळ काड्या दाटीनं बसवून छत करतो. पण ओढ्यातली कण्हेर त्या साली पुरानं नेलेली. इत्तो लांबच्या आठवडी बाजाराला दोन दिवस गेली, तसं यानं तिचं कुंपण बुडापासून छाटलं! पाला ओढ्यावरच ओरबाडायचा आणि पाण्यात सोडायचा, ही आमची रीत. चोरीच्या काड्या ओढ्यावर कोण नेणार? पठ्ठ्यानं अंगणातच पाला काढला आणि कोपऱ्यात ढीग घातला. दोन दिवसांत तो वाळला. वाळला की त्याचा कडूपणा उतरतो, विष काही उतरत नाही.

कुंपण शोधत आलेल्या इत्तोला तो ढीग दिसला, आणि तेवढ्यात शेळ्या घरी आल्या.

"सरक म्हातारे, जनावरं तहानलीत!"

"आधी अंगण झाड."

"माझं अंगण! तुला काय करायचंय?"

"अंगण तुझं रे, पाला कोणाचा? बोल की, चोरा!"

तेवढ्यात एक तरणी शेळी तिच्या काखेखालून आत घुसली आणि थेट ढिगाला भिडली. इत्तोनं शिंग धरून तिच्या तोंडातलं पान उपसून काढलं. ते पान बघितलं आणि बस्सूच्या तोंडचं पाणी पळालं. सगळी आळी जमलेली. सगळ्यांदेखत तो खराट्यानं झाडत होता आणि इत्तो ओरडत होती, "तो कोपरा राहिला, आंधळ्या!"

मी आपलं हसत म्हटलं, "इत्तोबाई, कुंपण कापणाऱ्याच्या शेळ्या वाचवल्यास. माया आहे म्हणायची!"

ती म्हणाली, "माया घाल चुलीत. शेळ्या मेल्या असत्या, तर हा गावभर बोंबलला असता, इत्तोच्या दिफ्लानं मारल्या म्हणून. आता मी याच्या पोराच्या लग्नाला जाणार, पोटभर जेवणार, आणि छताकडे बोट करून सगळ्या वऱ्हाडाला सांगणार, की नवरी माझ्या कुंपणाखाली निजणार आहे."