शोभाताई आणि अप्पांचा ओटा

समोर आलेल्या माणसाला शोभाताई बिराजदार पहिला प्रश्न एकच विचारायच्या, "तुम्ही चालत आलात का?" त्या नगरपालिकेत अभियंता होत्या. तक्रार घेऊन आलेला माणूस गोंधळून जायचा. गाडीवर आलो म्हणाला, तर ताई चपला पायात सरकवून उठायच्या. "चला मग, आधी चालून बघू. रस्त्याचं भांडण खुर्चीत बसून मिटत नसतं."

धाराशिवात बसस्थानकाकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर माझं भांड्यांचं दुकान आहे. शेजारी गुरप्पा अप्पांचं कापडाचं. अप्पा हे शोभाताईंचे सख्खे मामा. वडील गेल्यावर जळकोटहून आलेल्या या भाचीला मामा-मामींनीच वाढवलं, इंजिनिअर केलं. आणि आमच्या रस्त्याचा नवा आराखडा तयार करायचं काम आलं ते नेमकं तिच्याच हाती.

आराखडा असा होता : रस्त्यावर फक्त एसटी आणि पायी माणसं. बाकीच्या गाड्या मागच्या मैदानात. दोन्ही बाजूंना सलग पदपथ, आणि त्यासाठी दुकानांपुढचे सगळे ओटे काढायचे. त्यात सगळ्यांत पुढे आलेला ओटा अप्पांचा होता. व्यापाऱ्यांचे पुढारीही अप्पाच.

मीही विरोधातच होतो. माल कुठे उतरवायचा, हे विचारायला गेलो, तर ताई माझ्याबरोबर मैदानापर्यंत आल्या. तिथे माझ्या घागरींचं एक पोतं पडलेलं होतं. त्याचं एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी. दुकानापर्यंत येईतो त्यांचा चेहरा लालभडक झाला होता. पोतं खाली ठेवून पदराने मान पुसत त्या म्हणाल्या, "इथं माझं चुकलंय." दुसऱ्याच आठवड्यात आराखड्यात बदल झाला. सकाळी दुकानं उघडायच्या आधी मालाच्या गाड्या दारात येऊ द्यायच्या, असं ठरलं. त्या दिवसापासून मला त्यांच्याशी भांडणं जड जाऊ लागलं.

ओट्यांच्या बाबतीत मात्र त्या तसूभरही हलल्या नाहीत. मंगल कार्यालयात सभा झाली, तेव्हा अप्पा उभे राहिले.

"तुला लई शिकवलं, ते आमच्याच दारावर घाव घालायला व्हय गं?"

ताई पाणी प्यायल्या. मामांशी बोलताना त्यांची भाषा आपोआप गावाकडची व्हायची. "दारावर न्हाय, मामा. दाराबाहेरची जागा हाय ती. तिथनं माणसांनी चालायचं असतं."

"मग माझ्या अंगावरनं चाल," म्हणत अप्पा सभेतून निघून गेले. त्यांच्यामागे निम्मी सभा उठली.

मी ताईंना बाहेर गाठलं. एक गोष्ट साऱ्या पेठेला ठाऊक होती, पण अप्पांसमोर तिचा उच्चार कुणी करत नसे. काही वर्षांपूर्वी मामी देवळातून परत येत होत्या. ओट्यांमुळे कडेने वाट नव्हती, म्हणून अप्पांच्या ओट्यापुढेच त्या रस्त्यावर उतरल्या आणि मागून मोटारसायकलने उडवलं. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत.

"ताई, सभेत मामींचं बोलायचं होतंत. सगळे गप्प बसले असते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर खाली घातली. "लोकांना गप्प करायला मी मामी वापरणार नाही," त्या म्हणाल्या. "रस्ता बरोबर असेल तर तो तिच्याशिवाय होईल. नसेल, तर राहू दे."

ओटे काढायला जेसीबी आला, त्या दिवशी अप्पा आपल्या ओट्यावर मांडी घालून बसले. समोर ताई उन्हात उभ्या. मागे बस नीट जाते का ते बघायला आणलेली रिकामी एसटी, आणि भोवती माणसांची गर्दी दाटत चाललेली. कुणी घोषणा देत होतं, कुणी शिव्या. मी शटर अर्धं ओढून घेतलं. जेसीबीवाला ताईंकडे पाहायचा, त्या मान हलवायच्या, नको.

एवढ्यात गर्दीतून दगड आला. ताईंच्या कपाळाला चाटून त्याने एसटीची काच फोडली, आणि ताईंनी कपाळाला हात लावला. बोटांमधून रक्त ओघळलं.

"शोभे!" अप्पा ओरडले आणि ओट्यावरून उडी टाकून धावले. त्या वयात ते कसे उतरले, मला कळलं नाही. खांद्यावरच्या उपरण्याने त्यांनी तिचं कपाळ दाबून धरलं.

ओटा रिकामा झालेला पाहून जेसीबीवाल्याने इंजिन सुरू केलं. नगरपालिकेच्या मुकादमानेही 'चालव' म्हणून हात केला. ताईंनी मामांच्या मिठीतूनच हात वर केला.

"बंद करा ते! मामा माझ्यासाठी उठलेत, ओटा सोडून न्हाय उठले. त्यांना परत बसू द्या."

इंजिन बंद झालं. अप्पा भाचीकडे बघत राहिले, मग ओट्याकडे, मग ओट्यापुढच्या रस्त्याकडे. तिथेच बराच वेळ. त्यांना काय दिसत होतं, ते आम्हा शेजाऱ्यांना सांगायला नको होतं.

ते परत बसले नाहीत. "पाड," एवढंच म्हणाले आणि दुकानात गेले.

रस्ता झाला. सुरुवातीला गिऱ्हाईक तुटलं, आम्ही ताईंच्या नावाने बोटं मोडली. नंतर संध्याकाळी बायाबापड्या लेकरांचे हात निर्धास्त सोडून चालू लागल्या, तसा धंदा सावरला. अप्पा मात्र भाचीशी बोलेनात. ताई दारावरून जायच्या, "मामा, येते," म्हणायच्या. अप्पा कापड मोजत राहायचे.

मग ताईंची बदली झाली. निघायच्या दिवशी त्या बॅग घेऊन आमच्याच रस्त्यावर एसटीला थांबल्या होत्या. कपाळावरचा व्रण अजून दिसत होता. बस लांबून दिसली, तशा त्या अप्पांच्या दुकानात शिरल्या आणि वाकून पाया पडल्या. अप्पांचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला, थांबला, मग टेकला.

"ऊट आयता?" त्यांनी घरच्या कानडीत विचारलं. जेवलीस का?

ताईंनी मान हलवली. नाही.

बस आली, दार उघडलं, कंडक्टरने हाक दिली. मी त्याला हातानेच सांगितलं, जाऊ द्या. आत अप्पा डबा उघडत होते.