दोनशे पोफळींची पदवी

दादा गेल्याची बातमी हसनमियांनी आणली. ते सुपारीचे व्यापारी, राहायला दिघीला. तालुक्याच्या गावी दादा आठवडाभराच्या तापानं गेला, हे त्यांना आमच्या आधी कळलं, आणि दुसऱ्या कुणाला न पाठवता ते स्वतः दिवेआगरला चालत आले. अंगणात उभे राहून म्हणाले, "बाळूभाऊ, वकीलसाहेब गेले... आमच्याच घरातला माणूस गेला." आज दीड महिना झाला. लिहायला बसलोय खरा, पण मराठी सातवीत शाळा सुटलेल्या माणसानं वकिलावर काय लिहावं!

शाळा सुटली तीही दादामुळेच. आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, समुद्राकडे एक वडिलार्जित वाडी होती. सुपारीची दोनशे झाडं, आमच्या बोलण्यात पोफळी. दादा बी.ए. झाला आणि कायदा शिकायचा म्हणाला, तेव्हा आबांनी ती हसनमियांना विकली. सुपारीला तेव्हा भाव बरा होता आणि वकिलाला त्याहून बरा. मी तेरा वर्षांचा होतो. दोघांना शिकवणं परवडणारं नव्हतं, म्हणून उरलेल्या वाडीत रहाट हाकायला मी. आबा गावभर ऐटीत सांगायचे, "आमच्या थोरल्यानं दोनशे पोफळी डोक्यात घालून मुंबईला नेल्यात!" कुणी शंका काढली, की म्हणायचे, "पोफळ लावली की सात वर्षं नुसतं पाणी घालायचं असतं. वकिलीचंही तसंच."

पाणी घालता घालता आबा गेले... पण ही पोफळ काही धरेना. दादा सनद घेऊन तालुक्याच्या कोर्टात बसला खरा, पण दावा लावायला आलेल्याला आधी घरी पाठवायचा. "सख्ख्या भावांनी पाण्याच्या पाळीवरून कोर्टात यायचं? विहिरीवर बसा नि मिटवा." आणि मिटायचं! मिटलं की फी कसली? कुणी शहाळी आणून द्यायचा, कुणी सुकट. मी टोमणा मारायचो, "दादा, सुकटच मिळवायची होती तर दिघीला होडीवर जायचं होतंस, स्वस्तात पडलं असतं." तो खो खो हसायचा. मला हसू येत नसे. कुंपणापलीकडे आमच्याच पोफळींवरून हसनमियांचे गडी सुपारीचे घड उतरवताना दिसले, की माझा नुसता जळफळाट व्हायचा.

विक्रीला अकरा वर्षं होऊन गेली होती. कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारा एक म्हातारा मला म्हणाला, "वडिलार्जित वाडी बापानं घराची गरज नसताना विकली, तर मुलाला परत मागता येते. बारा वर्षांच्या आत. घरात वकील हाय नि तू रडतोस कशाला?" मी तडक दादाकडे गेलो. वाटलं, तो मला हाकलून देईल, कारण हसनमियांनी आबांना पुरे पैसे मोजले होते आणि माणूस सोन्यासारखा.

"म्हातारा खरं बोलतोय," दादा म्हणाला. "मी तुझा वकील होणार नाही. पण दावा लिहून देतो. वाडी विकली तेव्हा तुला कुणी विचारलं नव्हतं, बाळू. हा हक्क तुझा आहे."

दोन दिवसांनी त्यानं माझ्यापुढे चार कागद ठेवले. त्याचं मोत्यासारखं अक्षर. वाचता वाचता मी एका ओळीशी अडलो. 'थोरल्या मुलाचे कायद्याचे शिक्षण ही कुटुंबाची गरज नव्हती, व त्या पदवीपासून कुटुंबास आजतागायत कवडीचाही फायदा झालेला नाही.'

"हे काय लिहिलंस?"

"हे सिद्ध झालं तरच वाडी मिळेल. साक्षीला मला बोलाव. माझी कमाई किती, ते मी खरं तेच सांगेन."

त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. ज्या पदवीपायी आबांनी वाडी विकली, ती त्यानं माझ्यासाठी आपल्या हातानं मोडीत काढली होती, आणि तीही त्याच पदवीसाठी शिकलेल्या कायद्याला धरून! इतकी वर्षं मी ज्याला सुकटीवरून हिणवलं, तो माणूस केवढा आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली. सही न करता मी कागद तिथेच ठेवले आणि बाहेर पडलो. मुदत निघून गेली. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

गेल्या आठवड्यात त्याची खोली आवरायला गेलो. खुंटीवर काळा कोट तसाच होता, कॉलरीपाशी विरलेला. टेबलाच्या खणात तळाशी ते चार कागद सापडले. सहीची जागा अजून कोरी. मी खुर्चीत बसलो, टाक शाईत बुडवला... सहीची जागा कोरीच ठेवली आणि ती एक ओळ तेवढी खोडून टाकली.