हवेतलं काज

शिंपीकाकांच्या मेंदूतली गाठ उजवा हात हलवणाऱ्या भागाला चिकटली होती. गाठ निघावी पण हात जाऊ नये, म्हणून शस्त्रक्रियेच्या मधल्या टप्प्यात त्यांना जागं ठेवलं होतं. मेंदूला स्वतःला दुखत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच समजावलं होतं.

"बोटं हलवत राहा," त्या मागून म्हणाल्या. "ती थांबली की मी थांबेन."

काकांनी नसलेली सुई चिमटीत धरली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने हवेत बटणाचं काज करायला घेतलं. एकदा बोटं अडखळली. बाईंनी गाठीचा तेवढा कण तसाच सोडून दुसरी बाजू धरली. बोटं पुन्हा चालू लागली.

मग काकांनी एकदम हात तोंडाकडे नेला. नर्स दचकली. "झटका येतोय का?"

"नाही हो, धागा तोडतोय," काका म्हणाले. "माझं काज झालं."

"माझंही होत आलंय," बाई म्हणाल्या.

आठवड्याने खाटेवर बसून काकांनी खरं काज केलं. काकूंनी ते चष्म्याजवळ धरलं.

"तिसरा टाका सैल आहे," त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, आणि डोळे पुसत त्यांनी दुसरं कापड पुढे केलं.