हात वर न करणारे काका

अख्ख्या अबुधाबीत, नव्हे अख्ख्या आखातात, स्वतःचा हात इतका जपणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका हात वर करत नसत. कशासाठीच नाही. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका व्हिलाचे मालकाने तुकडे पाडून त्यात कुटुंबं कोंबली होती. (त्याविरुद्ध मी पत्रक काढलं होतं, ते कुणी वाचलं नाही.) त्यातल्या वरच्या तुकड्यात काका, काकू आणि फक्त इंग्रजीत उत्तरं देणारी त्यांची लेक राहत. गणपतीच्या मीटिंगमध्ये "मोदकांचं कोण बघणार, हात वर करा" असं कुणी म्हटलं, की काका दोन्ही हात मांड्यांखाली सारून त्यांच्यावर बसत. आणि मोदक शेवटी तेच आणत! टॅक्सीलाही ते हात करत नसत. कडेला उभे राहून ड्रायव्हरकडे असं काही रोखून बघत, की तो पठाण बिचारा घाबरून थांबे. "लग्नात हार घालतानासुद्धा मलाच वाकायला लावलं यांनी," असं काकू येईल त्याला सांगत.

या सगळ्याचं मूळ जपानमध्ये होतं. काका माझ्याच बांधकाम कंपनीत मालाचा आणि खर्चाचा हिशेब मांडणारे क्वांटिटी सर्व्हेअर होते, पण जीव अडकला होता दुसऱ्या महायुद्धातल्या आत्मघातकी वैमानिकांत. मी कॉलेजपासून युद्धविरोधी पत्रकं वाटलेला. मला वाटलं, हेही त्यातलेच, दुसऱ्याच्या बलिदानाच्या गोष्टी सांगून डोळे पुसणारे. मी तोंडावर विचारलं, "काका, पोरांना मरायला पाठवण्यात कसलं आलंय शौर्य?" काका एकदम खूश. "बस. आता जेवूनच जा."

त्यांच्याकडे जेवायला बसणं म्हणजे फिलिपाइन्सच्या समुद्रात बसणं. ताटातला पापड ही अमेरिकेची विमानवाहू नौका. लिंबाची फोड हे जपानी विमान. "सुरुवातीला नौका बुडवायची नव्हतीच रे. नुसती ही वरची धावपट्टी फोडायची, म्हणजे काही दिवस त्यांची विमानं उडणार नाहीत आणि तेवढ्यात आपली मोठी जहाजं आत घुसतील. एवढंच. तात्पुरतं!" "बाबा, नॉट अगेन," लेक कण्हायची. "आधी भात घ्या, मग बाँब टाका," काकू म्हणायच्या. पण काकांची फोड हवेत गेलेली असायची. "मुरलेले वैमानिक आधीच्या लढायांत संपले. नव्या पोरांना धड उडवता येईना. मग एक बडा अधिकारी तळावर आला आणि म्हणाला, बाँब बांधा आणि विमानासकट आपटा. पोरांना विचारलं, कोण तयार? म्हणतात, सगळ्यांनी हात वर केले." इथे फोड पापडावर पडे आणि तुकडे माझ्या आमटीत. "आणि घात काय झाला माहितीये? ते जमलं! एक नौका खरंच बुडाली. मग कसलं तात्पुरतं? युद्ध संपेपर्यंत तेच. हात वर करायला सांगणारा मात्र त्या विमानात नव्हता." त्या घरात मी अख्खा पापड कधी खाल्ला नाही.

मग ते २००८ चं मंदीचं संकट आलं. दुबईतल्या क्रेन थांबल्या आणि तिथलं वारं आमच्याकडे पोचलं. मॅनेजरने सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. "वी आर वन फॅमिली. थोडे दिनों की बात है, टेम्पररी. जो खुद से रिझाइन करेगा उसको वापस बुलाएंगे, इन्शाल्ला. किसी को तो आगे आना पडेगा. बोलो, कौन तैयार है?" शुद्ध लबाडी होती. आपणहून गेलात की हक्काच्या रकमेला कात्री, व्हिसा खलास, महिन्याभरात देश सोडा. माझ्या पगारावर गावी बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण चाललं होतं. हे सगळं ठाऊक असूनही माझा हात वर निघाला होता! भाषण तयार होतं: मुलंबाळं असलेल्यांच्या आधी मला काढा! हुतात्मा व्हायची अशी संधी कोण सोडतो?

टेबलाखाली कुणीतरी माझं मनगट धरलं. काका.

"खाली ठेव, क्रांतिवीरा."

"सोडा काका. कुणीतरी पुढं व्हायलाच हवं."

"तेच तर तो म्हणतोय. तुझी आणि त्याची भाषा एक कशी झाली?"

इतकं झोंबणारं वाक्य मला आजवर कुठल्याही विरोधकाने ऐकवलेलं नाही. आणि मग, उजव्या हातात माझं मनगट असल्यामुळे, काकांनी डावा हात वर केला. आमचं अख्खं खातं वळून बघायला लागलं. मॅनेजरचा चेहरा उजळला. "शाब्बास! देखो, सीनियर आदमी को देखो!"

"नहीं सर, सवाल है," काका म्हणाले. "आप पहले जा रहे हैं ना?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अर्धवट वर आलेले दोन-तीन हात केस नीट करायला लागले. "दॅट इज नॉट द पॉइंट," मॅनेजर म्हणाला, आणि मीटिंग मोडली. आपणहून कुणीही गेलं नाही. ज्यांना काढायचं होतं त्यांना रीतसर नोटीस देऊन, सगळं देणं देऊन काढावं लागलं. पहिली नोटीस काकांना मिळाली.

मी त्यांच्यावरच भडकलो. "म्हणजे शेवटी तुम्हीच आपटलंत की विमान!"

"छे! मी नुसतं विचारलं. त्यांनी मला काढलं, मी गेलो नाही. फरक आहे. पत्रकात लिही."

लिहितोय. माझी नोकरी टिकली, बहीण नर्स झाली. आमच्या चळवळीत शिकवतात, उपकार मानू नका, हक्क मागा. हक्क मी मागतोच. पण या माणसाचे उपकार मानतो, उघडपणे, छापून.

विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. काकू वळून वळून हात हलवत होत्या. लेकही "बाय, दादा!" म्हणत हलवत होती. काका खिशात हात घालून, नुसती हनुवटी उडवून आत गेले. मी काचेला नाक लावून उभा. तपासणीच्या दारात शिपायाने त्यांना खूण केली: दोन्ही हात वर. काका थबकले. मागे वळून माझ्याकडे बघून हसले, आणि त्यांनी दोन्ही हात सावकाश वर केले. शिपायाने वरून खालून यंत्र फिरवलं, बाजूला झाला, "यल्ला, यल्ला" म्हणाला, म्हणजे चला, निघा. तरी काकांचे हात वरच होते, आणि ते माझ्याकडेच बघत होते.