सापाची लस आणि नलिनी खराडे

नलिनी खराडेचा राग इस्पितळात सगळ्यांना ठाऊक होता. ती वॉर्डात शिरली की शिकाऊ डॉक्टरांचे मोबाइल आपोआप खिशात जायचे. तिचे पणजोबा गायकवाडी फौजेत जमादार होते. "तलवार सरकारजमा झाली, धार तेवढी हिच्या जिभेत उतरली," असं तिचा नवरा नारायण म्हणायचा. नारायण कोयलीच्या रिफायनरीत होता, स्वभावाने थंड. बडोद्यातल्या मांजलपूरच्या त्यांच्या फ्लॅटमधून आवाज ऐकू यायचा तो एकीचाच.

सगळी नोकरी आयसीयूत नर्स म्हणून काढलेल्या बाईला मरण काही नवीन नव्हतं. पण रेवाचं मरण तिच्या घशात अडकून बसलं.

रेवा डभोईच्या पलीकडच्या वडेलीपुऱ्याची. कापूस वेचताना तिला नाग चावला. नवरा शना तिला घेऊन बडोद्याला पोचला, तोवर ती गेलेली होती. नलिनीने त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "एवढा उशीर का झाला, भाई? भुव्याकडे, मांत्रिकाकडे नेलं होतं?"

"ना बेन," शना म्हणाला. "आधी गावच्याच सरकारी दवाखान्यात नेलं. शेताला लागूनच आहे. ते म्हणाले, आगळ लई जाव, पुढे न्या. तालुक्याला नेलं. तिथेही म्हणाले, आगळ लई जाव. मग इथे आणलं."

"गावात लस नव्हती?"

"फ्रिजमध्ये होती, बेन. मी डोळ्यांनी बघितली."

त्या दिवशी नलिनी घरी आली ती कोणाशी बोललीच नाही. ती ओरडत असली की नारायणला काळजी नसे. गप्प बसली की तो सावध व्हायचा. रविवारी तिने ॲक्टिवाची किल्ली उचलली, तेव्हा तो मुकाट्याने हेल्मेट घालून मागे बसला.

वडेलीपुऱ्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर टेबलाशी बसला होता. नलिनी सरळ फ्रिजकडे गेली. तिने दार उघडलं. लसीच्या कुप्या नीट मांडून ठेवल्या होत्या, मुदतीतल्या होत्या. मग तिने तोंड सोडलं, ते अस्सल गुजरातीत. पोरगा खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी ती वळून नारायणला मराठीत म्हणाली, "ह्यांना डॉक्टर केलं कोणी? ह्यापेक्षा दगड बसवला असता तर निदान शेंदूर तरी लावता आला असता."

"मावशी, मला मराठी कळतं," डॉक्टर हळूच म्हणाला. "मी बडोद्याचाच, गोत्रीचा. हार्दिक शितोळे."

"मग मराठीत सांग. ती बाई तुझ्या दारात जिवंत होती. लस का नाही दिलीस?"

हार्दिकने शर्टाची बाही वर केली. कोपराजवळ लांबलचक व्रण होता. "आधी एकाला दिली होती. लसीचीच रिअॅक्शन आली, तो माणूस कोसळला. मी एकटा होतो, काय करायचं ते पुस्तकात वाचलेलं, हाताने कधी केलेलं नव्हतं. तो वाचला, पण त्याआधीच त्याच्या माणसांनी माझ्यावर खुर्ची घातली. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, कशाला अंगावर घेतोस? पुढे पाठवायचं. रस्त्यात गेला तर आपल्या माथी नाही."

नलिनी खुर्चीत बसली. इतकी वाट तिने ह्या पोराच्या डोक्यावर खापर फोडायला तुडवली होती. राग तसूभर कमी झाला नाही. तो फक्त पोराला सोडून त्या फोनवरच्या आवाजाकडे गेला.

"मी शिकवते," ती म्हणाली. "रिअॅक्शन आली तर काय करायचं, ते मी तुझ्या हातांना शिकवते. पण तू पळायचं नाहीस."

ही बातमी गावच्या दूध डेअरीच्या प्रमुख गंगाबेनच्या कानावर गेली. ही धिप्पाड बाई पुढच्या रविवारी स्वतः दवाखान्यात आली आणि बाकभर पसरून बसली. "डॉक्टरला एकटं नाही ठेवायचं," ती म्हणाली. "कोणाला चावलं की माझ्या दहा बायका दारात उभ्या राहतील. डॉक्टरवर हात टाकणाऱ्याने आधी आमच्याशी बोलायचं. आणि वीज गेली तर लस डेअरीच्या फ्रिजमध्ये. दुधाची जीप पण तुमचीच समजा."

अशी ती जुळणी झाली. नलिनी रविवारी येई. उशीला माणूस समजून हार्दिककडून आणि तिथल्या नर्सकडून पुन्हा पुन्हा सगळं करवून घेई. चुकले की झापे. डेअरीच्या बाया गावोगाव दूध गोळा करताना सांगत सुटल्या, साप चावला की भुवा नाही, तालुका नाही, थेट दवाखाना.

अर्थात वरून, फोनवरच्या त्याच साहेबांकडून, बोलावणं आलंच. साहेबांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि साहेब हसत होते. "बेन, सेवा चांगलीच आहे. पण बाहेरची नर्स सरकारी दवाखान्यात? उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"रेवा मेली तेव्हा कोणाची होती?" नलिनीने विचारलं.

"कोण रेवा?"

नलिनीचा हात टेबलावर असा आपटला की चहा बशीत सांडला. "नावसुद्धा माहीत नाही तुम्हाला. लस फ्रिजमध्ये ठेवून तिला मारलंत, आणि नाव माहीत नाही."

साहेबांचं हसू मावळलं. दाराबाहेर डेअरीच्या बाया बसल्या होत्या आणि उठायचं नाव घेत नव्हत्या. शेवटी साहेबांनी निकाल दिला: बेनने शिकवावं, पेशंटला हात लावू नये. नलिनीला तो अपमान झोंबला. तरी तिने तो गिळला, कारण हात हार्दिकचेच लागणार होते.

भात कापणीच्या दिवसांत मंगळ नावाच्या ट्रॅक्टरवाल्याला दवाखान्यात आणलं. नाग पायाला चावलेला, पापण्या मिटू लागलेल्या. गंगाबेनने नलिनीला फोन लावला आणि तो हार्दिकच्या कानाशी धरला.

"मावशी, पुन्हा रिअॅक्शन आली तर?"

"येऊ दे. रिअॅक्शनचं इंजेक्शन भरून ठेवलंस?"

"हो."

"मग लस सुरू कर."

सलाईनमधून लस जाऊ लागली आणि थोड्याच वेळात मंगळच्या अंगावर गांधी उठल्या, नाडी लागेना. दारात त्याचा भाऊ पुढे सरसावला. दहा बायका हलल्या नाहीत. हार्दिकने लस थांबवली, भरलेलं इंजेक्शन मांडीत टोचलं आणि नाडीवर बोटं ठेवून बसला. नाडी परतली. त्याने लस पुन्हा सुरू केली. श्वास मंदावला तेव्हा तोंडावर मास्क धरून हाताने दाबायची पिशवी लावली, आणि दुधाच्या जीपमध्ये बसून ती दाबत तो स्वतः पेशंटबरोबर बडोद्याला आला. इस्पितळाच्या दारात नलिनी उभी होती. तिने पिशवी त्याच्या हातून घेतली तेव्हा त्याची बोटं वळून गेली होती, उघडत नव्हती. पेशंटला आत सोपवून ती परत आली. नारायणने आणलेला तिचा डबा तिने त्याच्यापुढे सरकवला.

मंगळ आपल्या पायांनी घरी गेला. पुढे आणखी तिघं तशीच बरी होऊन घरी गेली. मग साहेब फोटोग्राफर घेऊन वडेलीपुऱ्याला आले, फ्रिजशेजारी उभे राहिले आणि आपल्या योजनेबद्दल बोलले. शना गर्दीच्या कडेला उभा राहून ऐकत होता. नलिनीला ते बघवेना. ती उठून बाहेर निघून गेली.

महिन्याभरात हार्दिकची बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. गंगाबेनच्या बायांनी पुन्हा साहेबांच्या दारात ठाण मांडलं, नलिनी घसा बसेपर्यंत भांडली. बदली काही टळली नाही.

"आता तरी जरा शांत हो," नारायण म्हणाला. "चार माणसं वाचली तुझ्यामुळे."

"चार वाचली म्हणून शांत होऊ?" नलिनी म्हणाली. "लस प्रत्येक दवाखान्यात आहे, नारायण. प्रत्येक."

हार्दिकने नव्या जागी जाऊन पहिल्या आठवड्यातच तिथल्या डेअरीचा दरवाजा ठोठावला होता. वडेलीपुऱ्याला वैष्णवी नावाची नुकतीच शिकून आलेली डॉक्टर रुजू झाली. सापाचं नाव काढताच तिचा चेहरा उतरला आणि ती म्हणाली, ती केस आपण पुढेच पाठवू.

नलिनीने पर्स खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि नर्सला उशी आणायला सांगितलं.