निळ्या मोसमाला बर्फ नसतो

सुभेदार काटकर कोपऱ्यावरून मीठ आणायला निघाले तरी आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टाचा जुळवून उभे राहत आणि म्हणत, "अर्ध्या तासाची रजा मिळावी." आतून इंदूकाकू परातीतून मान वर न करता म्हणायच्या, "मंजूर. येताना कोथमीर आणा." कोथिंबीर विसरली की दुसऱ्या दिवशीची रजा नामंजूर. मग सुभेदार खरोखरच अंगणातल्या खुर्चीत बसून राहत आणि गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आज बाहीर जाता येत न्हाई. साहेब रागावलाय." मी सांगलीत त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. सकाळचा हा खेळ जिन्यातून ऐकायला यायचा.

ते मूळचे म्हसवडकडचे. हयात फौजेत गेली. घरची माणसं वर्षातून दोन महिने दिसणार, तेही साहेबानं रजा मंजूर केली तर. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून इंदूकाकू कधी त्यांच्याबरोबर फौजेच्या क्वार्टरमध्ये राहिल्या नाहीत. सुभेदार बर्फात, काकू माणदेशाच्या उन्हात. निवृत्तीनंतर त्यांनी विश्रामबागेत हे छोटं घर बांधलं. एकुलता मुलगा प्रमोद पुण्यात नोकरीला, त्याची दोन मुलं तिथल्या शाळेत. रजेबद्दल सुभेदारांचं एक ठाम मत होतं आणि ते माझ्यासारख्याला मुद्दाम ऐकवत, कारण मी छापखान्यात आणि पत्रकांत वाढलेला, कुठेही अन्याय दिसला की कागद मागणारा. "गड्या, रजा मागायची आसती. भांडून घ्यायची नसती. साहेब न्हाई म्हणाला, तर साहेबाकडं कारण आसतंय."

ज्या माणसानं आयुष्यभर या एका वाक्यावर विश्वास ठेवला, त्याला लुटणं किती सोपं असेल याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

एका प्रदर्शनात काकूंनी सोडतीची चिठ्ठी भरली. चार दिवसांनी फोन आला: अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलंय, पण नवरा-बायको दोघांनी यायचं, एकट्याला प्रवेश नाही. मिरज रस्त्यावरच्या हॉटेलात हॉल सजवलेला. सुभेदार बूट चमकवून, कोटाला पदकं लावून गेले. टाय लावलेला एक पोरगा त्यांना बघून ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "जय हिंद, साहेब!" पडद्यावर डोंगर, तलाव, समुद्र, बर्फ. एकदाच पैसे भरा आणि पुढची पंचवीस वर्षं दरवर्षी आठवडाभर कुटुंबासह कंपनीच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये राहा. वर दरवर्षी फक्त थोडा देखभालीचा खर्च. तीन तास हे चाललं. सुभेदारांचं अजून ठरत नव्हतं. मग तो पोरगा काकूंकडे वळला. "आजी, तुम्हाला आयुष्यात एकदा कुठं जायचंय?"

काकू म्हणाल्या, "बर्फात."

सुभेदारांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. हे ते पुढे मला अनेकदा सांगत. "आरं, मी बर्फातनं हिला पत्रं धाडली. किती धाडली! आन तुला बघायचा हाय का म्हणून एकदाबी इचारलं न्हाई. त्या टायवाल्यानं इचारलं." त्यांनी तिथंच सही केली आणि दुसऱ्या दिवशी बँकेतली ठेव मोडली. हॉलमध्ये त्यांच्या सहीबरोबर फुगा फुटला, टाळ्या झाल्या, आणि पोळ्या गरम ठेवायचा एक डबा बक्षीस मिळाला.

काकूंचं स्वप्न मोठं नव्हतं. सून, मुलगा, नातवंडं, सगळी एका छताखाली आठ दिवस. बाहेर बर्फ पडतोय. "आन मी सैपाक करणार न्हाई, तरीबी समदी जेवत्यात," असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या. "नातू बर्फात पडंल, मी त्याला उचलणार न्हाई. पडू दे म्हणीन. मऊ आसतंय म्हणं."

पहिल्या वर्षी सुभेदारांनी दिवाळीच्या सुट्टीसाठी कंपनीला फोन केला. खुर्चीत न बसता, उभं राहून. पलीकडून मुलगी इंग्रजीत भराभर बोलली, त्यातलं त्यांना एवढंच समजलं की उपलब्ध नाही. जुलैत मिळेल. जुलैत नातवांची शाळा. "नामंजूर," त्यांनी काकूंना सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी नाताळच्या सुट्टीसाठी पावसाळ्यातच अर्ज केला. पुन्हा नामंजूर. मी म्हणालो, "काका, हा तुमचा साहेब नाही. हा दुकानदार आहे. पैसे घेऊन माल देत नाही त्याला काय म्हणतात?"

"तुला समद्यातच चोर दिसत्यात रं. मोसमाला गर्दी आसती. आमच्या पलटणीत दिवाळीला समद्यास्नी सोडलं आसतं, तर शिवंवर कोण, तुझी पत्रकं उभी ऱ्हायली आसती का?"

काकू आतून म्हणाल्या, "पत्रकं ऱ्हायली आसती. त्यास्नी थंडी वाजत न्हाई."

आम्ही तिघंही हसलो. त्याच महिन्यात मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काकूंना काचबिंदू असल्याचं निघालं. फार उशिरा. डॉक्टरांनी सुभेदारांना बाजूला घेऊन सांगितलं: गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधानं जितकी टिकेल तितकी. काकू त्यांच्या शब्दांत सांगायच्या, "बोगद्यातनं बघितल्यावाणी दिसतंय. आन बोगदा बारीक व्हतोय."

तेव्हापासून त्या घरात बर्फाची चेष्टा थांबली. सुभेदार फोनवर विनवण्या करू लागले. मला ते वर ऐकू यायचं. सैनिक म्हणून छाती काढून उभा राहणारा माणूस एका अनोळखी मुलीला "ताई, तेवढं साहेबास्नी सांगा, घरी अडचण हाय" म्हणत होता.

तिसऱ्या वर्षी मी फोन हातात घेतला आणि मराठीतच बोलणार म्हणालो. बऱ्याच वेळानं एक मराठी मुलगी लाइनवर आली. मी विचारलं, तीन वर्षं यांना बर्फाच्या महिन्यात एकही खोली का मिळत नाही? ती वाईट नव्हती. दमलेली होती. म्हणाली, "सर, त्यांची मेंबरशिप निळ्या मोसमाची आहे. निळा म्हणजे पावसाळा. निळ्या मोसमाला बर्फ नसतो."

"मग कधी मिळेल?"

"कधीच नाही सर. सुट्ट्यांचा, सोनेरी मोसम घ्यावा लागेल. फरकाची रक्कम भरून अपग्रेड करता येतं. करू का?"

फोनचा आवाज मोठा ठेवला होता. सुभेदारांनी सगळं ऐकलं. हॉलमध्ये बर्फ दाखवून पावसाळा विकला होता. सोनेरी परवडत नाही म्हटल्यावर टायवाल्यानं "साहेब, तुमच्यासाठी खास फौजी सवलत" म्हणून निळा पुढे सरकवला होता, आणि सवलत कशात आहे हे विचारणं सुभेदारांना शिष्टाचाराला धरून वाटलं नव्हतं.

मी त्याच दिवशी म्हणालो, "काका, सोडून द्या ते. रेल्वेचं तिकीट काढू. साध्या लॉजवर राहू. तुम्ही वर्षाला जो देखभालीचा खर्च भरता, त्यात चार दिवस निघतील." काकूंचे डोळे चमकले. पण प्रमोद फोनवर म्हणाला, "आप्पा, मेंबरशिप असताना परत पैसे कशाला घालवायचे? पुढच्या वर्षी बघू, काहीतरी मार्ग निघेल. यंदा थोरल्याची परीक्षा पण आहे."

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. ही मेंबरशिप घेण्याआधी काटकरांचं कुटुंब दरवर्षी कुठंतरी जायचं. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेला जायचं, पाचगणीला एसटीनं जाऊन डबे खाऊन परत यायचं, एकदा कोकणात नातेवाइकांच्या ओसरीवर चार रात्री झोपून आलं होतं. मेंबरशिप आल्यापासून ते कुठेच गेलं नाही. आता मोठ्या जागी जायचंय, हक्काच्या जागी जायचंय, म्हणून छोट्या जागा सुटल्या आणि मोठी कधी आलीच नाही. लोक मला विचारतात, कुटुंबासाठी हे टाइमशेअर, म्हणजे सुट्टीची ही मेंबरशिप, परवडतं का? ज्याची रजा त्याच्या स्वतःच्या हातात आहे, ज्याच्या घरात शाळकरी पोर नाही, ज्याला पंचवीस वर्षं आपली तब्येत, नोकरी आणि घरातलं प्रेम जसंच्या तसं राहणार याची खात्री आहे, त्याला परवडत असेल. असं घर मी अजून बघितलेलं नाही. बाकीच्यांना हे लोक सुट्टी विकत नाहीत. सुट्टीची वाट बघणं विकतात, आणि त्याचं भाडंही दरवर्षी घेतात.

त्या हिवाळ्यात एके दुपारी काकू मला भाकरी द्यायला जिना चढून वर आल्या. मी खोलीत होतो. गच्चीत दोरीवर माझा सदरा वाळत होता. काकू त्या सदऱ्यापुढे ताटली धरून उभ्या राहिल्या. "घे की रं. का बोलत न्हाईस? आमच्यावर रुसलास व्हय?" वाऱ्यानं सदऱ्याची बाही हलली. काकूंना वाटलं मी हात पुढे केला, आणि त्यांनी ताटली सोडली.

आवाज ऐकून सुभेदार वर आले. फुटलेली ताटली, सदरा आणि बायको, तिघांकडे बघून त्यांना सगळं कळलं. त्यांनी काकूंचा हात धरला आणि एकेक पायरी सांगत त्यांना खाली नेलं.

आठवड्यानं देखभालीच्या खर्चासाठी त्याच मुलीचा फोन आला. तिनं पुन्हा विचारलं, "सर, सोनेरी करायचं का? ऑफर आहे."

सुभेदार म्हणाले, "न्हाई पोरी. आता तिला कंचाबी रंग चालतोय."

 पलीकडून तिनं हळूच फोन ठेवला.

त्या महिन्यापासून दर रविवारी कंपनी हॉटेलातला तो हॉल पुन्हा सजवू लागली. सुभेदार म्हणाले, जायचं. काकूंना नवं लुगडं नेसवलं, स्वतः पदकं लावली. मी मुलगा म्हणून त्यांच्याबरोबर आत शिरलो. पन्नासेक माणसं, बहुतेक तरुण जोडपी. पडद्यावर बर्फ पडू लागला तेव्हा सुभेदार उभे राहिले आणि हात वर केला. "दोन मिनिटं बोलायची परवानगी मिळावी."

"नंतर बोला सर. बसून घ्या प्लीज."

ते बसले नाहीत. हात वर तसाच. टायवाला पोरगा आता वेगळा होता, हसू तेच होतं. "सर, बसा ना."

सुभेदारांनी हात खाली घेतला. "परवानगी मिळाली न्हाई. तरीबी बोलतो." त्यांच्या आयुष्यातला हा पहिला हुकूमभंग असावा. "ह्या पडद्यावर जे पडतंय, ते बायकोला दावायला मी ठेव मोडली. ती हितं बसलीया. तिला आता पडदाबी दिसत न्हाई. सही करायच्या आदी तुमी ह्यास्नी एकच इचारा. पोरांची शाळा जवा बंद आसती, तवा ह्यांचं दार उघडं आसतंय का?"

कुणीतरी संगीताचा आवाज वाढवला. मागून एक जण ओरडला, "आवं आजोबा, बसा की! आमचं गिफ्ट ऱ्हायलंय अजून!" हशा पिकला. दोघांनी सुभेदारांचे दंड धरले. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. सगळा हॉल आमच्याकडे असा बघत होता, जणू आम्हीच त्यांच्या खिशात हात घातलाय.

त्या गोंधळात काकूंनी शेजारच्या बाईचा हात चाचपडून धरला. "पोरी, तुला लेकरं हायत?"

"दोन आहेत, आजी."

"मग जा. आत्ता जा. देवळाच्या ओवरीत ऱ्हावा, पावण्याच्या घरी ऱ्हावा. पर ह्यांचं दार उघडायची वाट बघू नगंस."

ती बाई नवऱ्याला उठवून आमच्यामागून बाहेर आली. पायरीवर सुभेदारांनी मला विचारलं, "किती उठली?"

"दोघं."

मला वाटलं ते खचतील. त्यांनी कोटाचं बटण लावलं. मग म्हणाले, "दोघं म्हंजे एक घर. एक घर वाचलं."

पुढच्या रविवारी त्यांना आत घेतलं नाही. मग ते आणि काकू फाटकाबाहेर फुटपाथवर उभे राहू लागले. मी दोन पानी पत्रक लिहून आणलं. सुभेदारांनी वाचून परत दिलं. "लय मोठं झालंय. हुकूम एका वळीत आसतो." शेवटी कागदावर फक्त त्यांचा तो शाळेच्या सुट्टीचा एक प्रश्न राहिला. कुणी घेत, कुणी चुरगाळून टाकत. एकदा रखवालदारानं ढकललं, तेव्हा सुभेदारांनी त्याला त्याचं गाव विचारलं, आणि मग त्यालाही एक कागद दिला.

फाल्गुनात एका पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. मिरजेला नेईपर्यंत ते गेले.

तेराव्यानंतर कंपनीचा फोन आला. मेंबरशिपची वर्षं अजून शिल्लक आहेत, वारसाच्या नावावर करायची का? प्रमोदनं फोन आपटला आणि भिंतीला डोकं टेकून रडला. मग काकूंच्या पायाशी बसला. "आई, चल माझ्याबरोबर पुण्याला. इथं आता कुणासाठी राहायचं?"

काकूंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. म्हणाल्या, "येईन की. पर ह्या आठवड्याला न्हाई बाबा. मला रविवारी काम हाय."