आभाराचं भाषण आणि अकरा शेतं

शरच्चंद्र साळव्यांना आभार मानायची भारी हौस. देवासच्या कारखान्यात ते फिटर. पण चर्चमध्ये कुणाचं लग्न असो की नव्या सतरंज्या आलेल्या असोत, आभाराला साळवेच उठणार. सत्त्याण्णवच्या दिवाळीत चर्चची सहा माणसं दहा दिवसांच्या सेवेला धार जिल्ह्यातल्या डहीपलीकडच्या डोंगरातल्या वस्तीवर निघाली. तिथे शाळेसाठी एक खोली बांधायची होती. परतल्यावर उपासनेत साक्ष द्यायचं, म्हणजे सेवेचा अनुभव सांगायचं काम अर्थातच साळव्यांकडे आलं. "खोली आपल्या हातांनी उभी करू," असं ते निघण्याआधीच सगळ्यांना सांगून बसले.

त्या हातांनी पहिल्या दिवशी गुडघाभर भिंत उभी राहिली, तीही वाकडी. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या टेकड्यांवरून माणसं उतरू लागली. तिथे एकेका टेकडीवर एकेकच घर. अशा अकरा घरांतली माणसं बांबू, छपराची कवेलू, माती घेऊन आली, वाकडी भिंत कुणालाही न विचारता पाडली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी छपरासकट खोली उभी केली. साळवे दगडावर चढले आणि पाव तास आभार मानले. मग गावचे गुमान पटेल अदबीनं म्हणाले, "वो तो ठीक है भिया. पर हमारी ज्वार काटने कब आ रहे हो?"

तिथली रीतच तशी. जो तुमच्या कामाला आला, त्याच्या कामाला तुम्ही जायचं. भाषण त्यात धरत नाहीत.

हे कळल्यावर मंडळातल्या एकाला कंबरदुखी आठवली, दुसऱ्याला साखरपुडा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं पाचही जण निघून गेले. साळवे राहिले. सेवा करायला आलो आणि सेवा करून घेऊन पळालो, अशी साक्ष त्यांच्या घशाखाली उतरेना.

त्यांच्या विळ्यानं ज्वारी कमी आणि बोटं जास्त कापली. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि त्यांच्या मागून राहिलेली ताटं कापायच्या. रजा संपेपर्यंत कशीबशी दहा शेतं झाली. उरलं झमकूबाईंचं. ह्या एकट्या, नवरा गेलेला, पण खोलीची सगळी जमीन त्यांनीच सारवली होती. "अगली दिवाली पक्का," साळवे म्हणाले. "आवजे," म्हणजे ये, म्हातारी म्हणाली.

त्या रविवारी साळव्यांनी आयुष्यातली सर्वांत छोटी साक्ष दिली. "काम अजून बाकी आहे," एवढं बोलून ते खाली बसले.

पुढच्या दिवाळीत ते पिशवी भरू लागले, तेव्हा विद्युल्लताबाई कडाडल्या, "लोकं बायकोला घेऊन मांडूला जातात, तुम्ही विळा घेऊन डहीला!" नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि विळा फडक्यात गुंडाळला.

झमकूबाईंचं शेत दीड दिवसात संपलं. शेवटची पेंढी बांधली आणि साळव्यांना एकदम भरून आलं. आता ते मोकळे झाले होते. आता इथे कुणी त्यांची वाट बघणार नव्हतं. हे त्यांना अजिबात सहन होईना.

घाट उतरायच्या सुरुवातीलाच ते "आई गं!" करून मटकन खाली बसले. पाय मुरगळला होता. चार घरांतल्या चौघांनी बांबूला धोतर बांधून झोळी केली आणि त्यांना थेट डहीच्या बस स्टँडवर आणलं. वाटभर साळवे झोळीत डोळे मिटून, न चुकता कण्हत होते.

बस सुटता सुटता गुमान पटेल खिडकीशी आले. "भिया, ऊपर तो बायाँ पाँव दुख रहा था."

साळव्यांनी खाली पाहिलं. त्यांचा हात उजवा पाय चोळत होता. त्यांनी गुपचूप पाय बदलला.

"चार घर हो गए," पटेल जराही न हसता म्हणाले. "ज्वार दिवाली पे पकेगी."

साळव्यांनी आभार मानले नाहीत. नुसतं म्हणाले, "आऊँगा."